वीजजाळ्याची दुखरी नस: मनोरा पडला, ट्रान्सफॉर्मर गेला तर लाईट यायला दिवस का लागतात?

वळीव आला की लाईट जाणार, हे बेळगाव, खानापूर, निपाणीपासून गोव्यातल्या सत्तरी, पेडण्यापर्यंत सगळ्यांनी धरूनच चाललेले असते. ढग गडगडायला लागले की चार्जिंगचा दिवा शोधायचा, मोबाईल किती चार्ज आहे ते बघायचे आणि वाट बघत बसायचे. बहुतेक वेळा तासा-दोन तासांत, फार तर सकाळपर्यंत लाईट येते. कधी मात्र दोन-चार दिवस येत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आदळले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीतल्या काही गावांना कित्येक आठवडे अंधारात काढावे लागले.

हा फरक का पडतो? सगळा दोष लाईनमनच्या माथी मारून मोकळे होणे सोपे असते. खरे उत्तर तीन प्रश्नांत आहे. मोडले काय? ते पुन्हा उभे करायला किती वेळ लागतो? आणि ते उभे राहीपर्यंत वीज दुसऱ्या वाटेने आणता येते का?

अलीकडे वीजयंत्रणेच्या सुरक्षेचा विषय निघाला की चर्चा हॅकर आणि संगणक व्हायरसवर जाते. तो धोका आहेच. पण वीजजाळे शेवटी लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम, चिनी माती आणि तेल यांचेच बनलेले आहे. ते रानात, डोंगरात, नदीकाठी, उसाच्या फडात उघड्यावर उभे आहे. त्याला वारा लागतो, झाड लागते, चोराचा हात लागतो आणि काही देशांत बंदुकीची गोळीही लागली आहे.

घरापर्यंत वीज येते कशी?

कोयनेत, काळी नदीवरच्या नागझरीत किंवा विजापूर जिल्ह्यातल्या कुडगीच्या औष्णिक केंद्रात वीज तयार होते. लांब पाठवायची तर तिचा दाब वाढवावा लागतो, नाहीतर तारेतच बरीच वीज वाया जाते. म्हणून ती २२०, ४०० किंवा ७६५ केव्हीच्या वाहिन्यांवर चढवली जाते. एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट. शेतातून जाणारे उंच लोखंडी मनोरे दिसतात, ते याच अतिउच्चदाब वाहिन्यांचे.

शहराजवळच्या मोठ्या उपकेंद्रात हा दाब टप्प्याटप्प्याने उतरवतात. तिथून ११० किंवा १३२ केव्ही, मग ३३, मग ११ केव्ही असे करत वीज गावात येते. गल्लीच्या तोंडाशी खांबावर जो शेवटचा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला महाराष्ट्रात डीपी म्हणतात, बेळगाव भागात टीसी. तिथून ती घरात शिरते.

साखळीतली कुठलीही कडी तुटली तरी लाईट जाते, पण सगळ्या कड्या सारख्या नाहीत. गल्लीतला टीसी जळाला तर एक गल्ली किंवा चार-सहा विहिरींच्या मोटारी बंद पडतात. बदली टीसी भांडारात असला तर तो ट्रॅक्टरवर घालून आणता येतो. ११ केव्हीचा खांब पडला तर दुसरा रोवता येतो. ४०० केव्हीच्या उपकेंद्रातला मोठा ट्रान्सफॉर्मर गेला तर मात्र अख्ख्या जिल्ह्याचा प्रश्न होतो, आणि तो ट्रॅक्टरवर येत नाही.

सगळ्यात नाजूक जागा: मोठा ट्रान्सफॉर्मर

मोठ्या उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर शंभर-दोनशे टनांच्या घरात असतो, काही त्याहूनही जड. लोखंडी टाकीत विशिष्ट पोलादाच्या पातळ पत्र्यांचा गाभा, त्याभोवती तांब्याच्या गुंडाळ्या आणि हे सगळे हजारो लिटर तेलात बुडवलेले. तेलाची कामे दोन. आतली उष्णता बाहेर काढायची आणि विजेला नको तिथे उडी मारू द्यायची नाही. टाकीच्या वर चिनी मातीची किंवा तशाच दुसऱ्या पदार्थाची उंच शिंगे दिसतात, ती बुशिंग. त्यांतून तार आत जाते. बाजूला पंख्यांचे रेडिएटर असतात.

तेल गळले की ट्रान्सफॉर्मर तापतो. बुशिंगला तडा गेला किंवा आत ओल शिरली की स्फोट होऊन आग लागू शकते. आणि एवढ्या तेलाने पेट घेतला तर ती आग तासन् तास विझत नाही.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. असा ट्रान्सफॉर्मर दुकानात तयार मिळत नाही. प्रत्येक उपकेंद्राच्या गरजेप्रमाणे तो बनवून घ्यावा लागतो. गाभ्यासाठी लागणारे खास पोलाद जगात मोजकेच कारखाने बनवतात, भारतही ते मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो. मागणी नोंदवल्यापासून माल हातात पडेपर्यंत वर्ष-दोन वर्षे सहज जातात. अलीकडे सगळ्या जगात मागणी वाढल्याने हा काळ आणखी लांबला आहे. तयार झालेला ट्रान्सफॉर्मर आणायचा तर अनेक चाकांची खास गाडी लागते, वाटेतले पूल तेवढे वजन पेलतील का ते तपासावे लागते आणि घाटाचा रस्ता असला तर वळणांचाही विचार करावा लागतो.

कॅलिफोर्नियातली ती रात्र

वीजजाळ्याच्या सुरक्षेची चर्चा जगभर ज्या घटनेने बदलली, ती अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या सॅन होजे शहराजवळ घडली. १६ एप्रिल २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मेटकाफ इथल्या वीज उपकेंद्राजवळ आधी जमिनीखालच्या दूरसंचार केबल कापल्या गेल्या. मग अंधारातून उपकेंद्रावर गोळीबार सुरू झाला. जवळपास वीस मिनिटांत शंभरावर गोळ्या झाडल्या गेल्या. १७ ट्रान्सफॉर्मरचे नुकसान झाले आणि सुमारे दोन लाख लिटर तेल वाहून गेले. नुकसानीचा आकडा दीड कोटी डॉलरच्या वर गेला. गोळ्या झाडणारे पसार झाले. दहा वर्षे उलटली तरी त्यांचा पत्ता लागला नाही.

एवढे होऊनही त्या भागात मोठा अंधार पसरला नाही. नियंत्रण कक्षाने वीज दुसऱ्या वाहिन्यांवरून फिरवली, आसपासच्या केंद्रांना जास्त वीज सोडायला सांगितले आणि लोकांना वापर जपून करण्याचे आवाहन केले. उपकेंद्र पूर्ववत व्हायला २७ दिवस लागले, पण शहर चालू राहिले.

या उलट नऊ वर्षांनंतर घडले. ३ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या मूर परगण्यात दोन उपकेंद्रांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मेटकाफच्या मानाने ही उपकेंद्रे लहान होती. पण तिथे वीज फिरवून आणायला पुरेशी दुसरी वाट नव्हती. सुमारे ४५ हजार ग्राहक ऐन थंडीत अंधारात गेले. शाळा बंद ठेवाव्या लागल्या, रात्रीची संचारबंदी लावावी लागली आणि सगळीकडे वीज परत यायला चार दिवस लागले.

दोन्हीकडे हत्यार एकच होते. मोठा घाव बसला तिथे दिवे चालू राहिले आणि लहान घाव बसला तिथे चार दिवस अंधार झाला. पर्यायी वाट होती की नव्हती, एवढाच फरक.

मेटकाफनंतर अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने २०१४ मध्ये नवा नियम आणला. कुठले उपकेंद्र बंद पडले तर सगळे जाळे डळमळेल ते कंपन्यांनी आधी शोधायचे, त्याला धोका कशाकशाचा आहे ते लिहून काढायचे, बंदोबस्ताचा आराखडा करायचा आणि हे सगळे बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे. तोवर उपकेंद्राचे कुंपण भटकी जनावरे आणि भुरटे चोर आत येऊ नयेत एवढ्यासाठीच असते, असा समज होता.

युद्धात तर हीच जागा हेरून मारली जाते. ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने युक्रेनची उपकेंद्रे आणि वीजकेंद्रे क्षेपणास्त्रांनी आणि ड्रोनने पुन्हा पुन्हा लक्ष्य केली. युक्रेनने ट्रान्सफॉर्मरभोवती दगड भरलेल्या जाळ्यांच्या भिंती आणि काँक्रीटची आवरणे उभी केली. लिथुआनियासारख्या देशांनी आपल्याकडचे वापरलेले मोठे ट्रान्सफॉर्मर तिकडे पाठवले, कारण नवा बनेपर्यंत थांबायला वेळच नव्हता.

गोळी कशाला, ओल पुरेशी आहे

बाहेरचा शत्रू नसतानाही तेच होऊ शकते, हे मार्च २०२५ मध्ये लंडनने पाहिले. २० मार्चच्या रात्री हीथ्रो विमानतळाजवळच्या नॉर्थ हाइड उपकेंद्रात एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला. शेजारचे ट्रान्सफॉर्मरही बंद पडले. सुमारे ७० हजार ग्राहकांची वीज गेली आणि दुसरा जवळजवळ सगळा दिवस हीथ्रो बंद राहिले. १,३०० हून अधिक उड्डाणांना फटका बसला आणि दोन लाखांहून अधिक प्रवासी अडकले.

सुरुवातीला घातपाताची शंका घेतली गेली. चौकशीत कारण निघाले साधे: ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगमध्ये शिरलेली ओल. २०१८ मध्येच तेलाच्या तपासणीत ओलाव्याचे प्रमाण जास्त दिसले होते, तशी नोंदही झाली होती. पुढे व्हायला हवी होती ती कारवाई झाली नाही. सात वर्षांपूर्वीच्या एका नोंदीकडे झालेल्या दुर्लक्षाने जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांपैकी एक बंद पाडला.

आणखी एक गोष्ट पुढे आली. हीथ्रोला वीज एकाच उपकेंद्रातून येत नव्हती, तिला तीन ठिकाणांहून पुरवठा होता. पण विमानतळाच्या आतली जोडणी अशी होती की एक बाजू बंद पडल्यावर भार दुसरीकडे वळवायलाच कित्येक तास लागत होते. पर्यायी वाट कागदावर असून भागत नाही. ती ऐनवेळी किती लवकर उघडते तेही बघावे लागते.

आपल्याकडचे शत्रू: वारा, झाड, चोर आणि आग

भारतात उपकेंद्रावर गोळीबार हा रोजचा धोका नाही. आपल्याकडचे धोके जास्त ओळखीचे आहेत.

पहिला वादळाचा. ३ मे २०१९ ला फनी चक्रीवादळ ओडिशात पुरीजवळ धडकले आणि दीड लाखाच्या आसपास विजेचे खांब आडवे झाले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, गोव्याच्या भूमीवर आदळलेसुद्धा नाही. तरीही शेकडो झाडे वाहिन्यांवर पडली, ३३ केव्हीचे अनेक फीडर तुटले आणि महाराष्ट्रातून गोव्यात वीज आणणाऱ्या २२० केव्ही वाहिन्यांनाही फटका बसला. एकेक खांब उभा करणे सोपे असते, पण एका रात्रीत हजारो खांब पडले की माणसे, क्रेन आणि खांब तिन्ही कमी पडतात.

दुसरा चोरीचा. टीसीतले तेल आणि तांबे, शेतातल्या वाहिनीची तार यांच्या चोरीच्या बातम्या शेतकऱ्यांना नव्या नाहीत. त्याहून घातक असते ती मनोऱ्याच्या लोखंडी पट्ट्यांची चोरी. मोठ्या मनोऱ्याला चार पाय असतात आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या तिरक्या पट्ट्या असतात. भंगारासाठी खालच्या चार-दोन पट्ट्या कापून नेल्या तरी मनोरा लगेच पडत नाही. तो उभा दिसतो, वीजही चालू असते. मग वादळ येते आणि तो कोसळतो. पडताना ताणलेल्या तारांनी शेजारच्या मनोऱ्यालाही ओढतो. लोक म्हणतात वाऱ्याने पडला. वीज कायदा २००३ च्या कलम १३६ नुसार वीज वाहिन्या आणि साहित्याच्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तोच माणूस पुन्हा सापडला तर पाच वर्षांपर्यंत.

तिसरा मातीचा. मनोऱ्याच्या पायाजवळून मुरूम किंवा वाळू उपसली की पाया उघडा पडतो. नदीकाठच्या मनोऱ्यांना पुरात हा धोका दुप्पट असतो.

चौथा आगीचा. चिकोडी, निपाणी, कागल, शिरोळ हा उसाचा पट्टा. तोडणीनंतर फडात पाचट पेटवण्याची सवय अजून गेलेली नाही. अतिउच्चदाब वाहिनीखाली अशी आग लागली की वर जाणारी गरम हवा, धूर आणि काजळी यांनी तारांमधल्या हवेचा अडसर कमी होतो. ठिणगी उडी मारते आणि वाहिनी क्षणात बंद पडते. शेतात दिसते फक्त पेटलेले पाचट, पण लाईट जाते पन्नास किलोमीटरवरच्या शहराची. धूळ बसलेल्या चिनी मातीच्या चिमण्यांवर हिवाळ्यातल्या पहाटेचे धुके आणि दव साठले की असेच होते.

एक बंद पडली की दुसरीवर भार

वीजजाळे आखताना जगभर एक नियम पाळला जातो. कुठलाही एक भाग, म्हणजे एखादी वाहिनी किंवा एखादा ट्रान्सफॉर्मर, अचानक बंद पडला तरी उरलेल्यांनी सगळा भार पेलला पाहिजे. अभियंत्यांच्या भाषेत याला ‘एन उणे एक’ म्हणतात. घरात गॅसची दुसरी टाकी भरून ठेवतात तसेच हे.

गोची होते ती दुसरी टाकी वापरात असताना. दुरुस्तीसाठी एक वाहिनी आधीच बंद ठेवलेली असते आणि त्याच वेळी दुसरी जाते. मग तिसरीवर दोघींचा भार येतो, तीही स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते आणि पत्त्यांचा बंगला कोसळावा तसे होत जाते.

जुलै २०१२ च्या मोठ्या अंधारात हेच झाले. त्या बिघाडाची सुरुवात मराठी माणसाला ओळखीच्या ग्वाल्हेरच्या वाटेवर झाली. बीना-ग्वाल्हेर-आग्रा मार्गावरची एक वाहिनी दाब वाढवण्याच्या कामासाठी बंद होती. ३० जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास उरलेल्या बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनीवर भार अतोनात वाढला, संरक्षक यंत्रणेने तिला बंद केले आणि उत्तर भारताचे ग्रीड कोसळले. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रीड कोसळली. सुमारे ६० कोटी लोकवस्तीच्या प्रदेशाची वीज गेली. महाराष्ट्र आणि गोवा ज्या पश्चिम ग्रीडमध्ये आहेत, ते वाचले. या घटनेत कुठलाही मनोरा मोडला नव्हता. पण मोडला असता तरी झाले असते ते असेच.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, तीही याच रीतीने. कळवा-पडघे ४०० केव्हीच्या एका वाहिनीवर देखभालीचे काम चालू होते, भार दुसरीवर होता आणि तिच्यात बिघाड झाला. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर गेली. पुढे काही महिने या घटनेमागे चिनी हॅकर होते का, यावर वाद झडला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. एक मात्र कोणी नाकारले नाही. मुंबईत वीज आणणाऱ्या वाटा मोजक्या होत्या आणि त्या दिवशी त्यातल्या काही एकाच वेळी बंद होत्या.

सीमाभाग आणि गोवा: दारे किती?

हा हिशेब आपल्या भागाला लावून बघण्यासारखा आहे. राज्यांच्या हद्दीवर माणसांचे वाद चालू असले तरी तारा ती हद्द कधीच ओलांडून गेल्या आहेत. कोल्हापूर-चिकोडी आणि फोंडा-अंबेवाडी या २२० केव्हीच्या वाहिन्या पश्चिम आणि दक्षिण ग्रीडना जोडणाऱ्या जुन्या दुव्यांपैकी आहेत. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी चालू झाली आणि दक्षिण ग्रीड उरलेल्या देशाशी एका लयीत जोडले गेले. म्हणजे देश एका ग्रीडवर आला तो सोलापूरच्या वाटेने.

गोव्याची गोष्ट जरा वेगळी. गोव्यात स्वतःचे मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते आणि ती मुख्यतः दोन दारांनी येते. एक दार उत्तरेचे. कोल्हापूरहून ४०० केव्हीची वाहिनी सह्याद्री उतरून कोलवाळच्या उपकेंद्रात येते, शिवाय महाराष्ट्रातून २२० केव्हीच्या वाहिन्या आहेत. दुसरे दार पूर्वेचे. कर्नाटकात दांडेलीजवळच्या अंबेवाडीहून २२० केव्हीच्या वाहिन्या घाट उतरून फोंडा आणि शेल्डेकडे जातात. दोन्ही वाटा घनदाट जंगल, उभे कडे आणि कोसळता पाऊस यांतून येतात. जुलै महिन्यात घाटात मनोरा पडला तर तिथवर सामान पोचवणे हेच मोठे काम असते.

म्हणूनच गोवा-तमनार वीजवाहिनी प्रकल्प आखला गेला. त्यात धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रापासून शेल्डेपर्यंत ४०० केव्हीची नवी वाहिनी, पुढे कोलवाळपर्यंत जोड आणि मोलेजवळ सांगोड इथे नवे उपकेंद्र होते. मूळ आखणी मोलेच्या अभयारण्यातून नवा पट्टा काढणारी होती. २०२० पासून गोव्यात त्याविरुद्ध मोठे जनआंदोलन झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने नवे जंगल न तोडता जुन्या २२० केव्ही वाहिनीच्या पट्ट्यातूनच वाहिनी न्यावी, असे सुचवले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले. कर्नाटकातल्या जंगलातून जाणाऱ्या भागाचा प्रश्न मग म्हादईच्या वादात अडकला. आमच्या कळसा-भांडुराला मंजुरी मिळत नाही आणि गोव्याच्या वाहिनीसाठी मात्र आमचे जंगल मागता, असा आक्षेप २०२४ मध्ये कर्नाटकने घेतला.

यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. जुन्या पट्ट्यातून वाहिनी नेली तर जंगल वाचते. पण जुनी आणि नवी वाहिनी एकाच डोंगरात, एकाच पट्ट्यात आली तर एकच दरड, एकच वादळ किंवा एकच वणवा दोघींनाही गाठू शकतो. क्षमता वाढते, वाट मात्र तीच राहते. उलट वेगळी वाट काढायची तर पुन्हा न तोडलेल्या जंगलाला हात घालावा लागतो. अशा वेळी जुन्याच पट्ट्यातले मनोरे जास्त भक्कम करणे, दरडीच्या जागा टाळून पाया घेणे आणि तात्पुरते मनोरे घाटाजवळच तयार ठेवणे हा मधला मार्ग उरतो. त्याला पैसे लागतात, आणि ते प्रकल्पाच्या खर्चात पहिल्यापासून धरावे लागतात.

मग करायचे काय?

प्रत्येक मनोऱ्यापाशी पहारेकरी बसवणे शक्य नाही, त्याची गरजही नाही. घाव बसणार हे धरून तो किती लवकर भरून निघेल याची तयारी करणे जास्त कामाचे आहे.

तात्पुरते मनोरे हा त्यातला मोठा आधार. हलक्या ॲल्युमिनियमचे, तुकड्यातुकड्यांत नेता येणारे आणि जागेवर जोडता येणारे हे मनोरे ‘ईआरएस’ या नावाने ओळखले जातात. कायमचा मनोरा उभा करायला आठवडे लागतात, यावर काही दिवसांत वाहिनी चालू होते. ते राज्याच्या राजधानीतल्या भांडारात असले तर उपयोग कमी, घाटाच्या तोंडाशी असले तर जास्त.

दुसरे म्हणजे राखीव ट्रान्सफॉर्मर. एकेका कंपनीने ठेवायचा तर परवडत नाही. शेजारच्या राज्यांनी मिळून एक-दोन राखीव ठेवले आणि सगळ्यांची मापे जुळती घेतली, तर खर्च वाटला जातो. दोन ट्रान्सफॉर्मरमध्ये आगीला अडवणारी पक्की भिंत असेल तर एकाची आग दुसऱ्याला लागत नाही.

तिसरे, तपासणी. तेलाचा नमुना, बुशिंगची चाचणी, उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने सांध्यांची पाहणी. ही कामे दिसत नाहीत, त्यांचे उद्घाटन होत नाही आणि म्हणून पैसे कमी पडले की पहिली कात्री यांनाच लागते. नॉर्थ हाइडमध्ये नोंद होती, कारवाई नव्हती. तपासणी झाली का, याबरोबर तपासणीत जे निघाले त्याचे पुढे काय झाले, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

चौथे, जमिनीखालची केबल. किनाऱ्यावर आणि शहरात ३३ आणि ११ केव्हीसाठी ती चांगली. वाऱ्याने पडत नाही, झाड लागत नाही. पण ती कित्येक पट महाग पडते. शिवाय पाणी शिरले किंवा रस्ता खोदताना जेसीबी लागला तर बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्यातच वेळ जातो.

लोकांच्या हातात काय आहे?

वाहिनी गावातून जाते तेव्हा तिची राखण थोडीफार गावाच्याच हातात असते. २२० केव्ही वाहिनीचा पट्टा ३५ मीटर रुंद धरला जातो, ११० केव्हीचा २२ मीटर. या पट्ट्यात घर बांधू नये, उंच वाढणारे झाड लावू नये, कडब्याची गंजी रचू नये आणि पाचट पेटवू नये. मनोऱ्याच्या पायाजवळ कोणी मुरूम काढत असेल किंवा पट्ट्या कापलेल्या दिसल्या तर लगेच कळवावे. लोंबणारी तार, तेल गळणारा टीसी, ठिणग्या उडणारा खांब दिसला तर १९१२ हा क्रमांक हेस्कॉम, महावितरण आणि गोवा वीज खाते या तिघांकडेही चालतो. तुटून पडलेल्या तारेजवळ मात्र स्वतः जाऊ नये, ती बंद आहे असे समजू नये.

घरात ऑक्सिजनचे यंत्र किंवा विजेवर चालणारे उपचार असतील तर दोन दिवसांची सोय आधीच करून ठेवावी. गावच्या पाणी योजनेचा पंप वीज नसताना कशावर चालणार, हा प्रश्न ग्रामसभेत पावसाळ्याआधी विचारावा. लाईट गेली की नळही जातो, आणि दुसऱ्या दिवशी लोकांचे हाल अंधारापेक्षा पाण्याने जास्त होतात.

पुढच्या वळवाला लाईट जाईलच. ती किती वेळात येते, हे त्या रात्री खांबावर चढणाऱ्या लाईनमनपेक्षा आधीच्या दहा वर्षांत कोणी काय तपासले, काय जवळ ठेवले आणि वीज यायला दुसरी वाट केली की नाही, यावर जास्त ठरते.